स्पिनोसॅडला दाद न देणारे फुलकिडे: रत्नागिरीतल्या एका हापूस बागेचं प्रकरण

पार्श्वभूमी

बाग रत्नागिरी तालुक्यात, समुद्रापासून दोनेक किलोमीटरवर. चार हेक्टरांत हापूसची ३८० कलमं. त्यातली १४० खालच्या उतारावर मातीत वाढलेली, चाळिशी ओलांडलेली. उरलेली २४० वर सड्यावर, कातळात सुरुंग लावून खड्डे मारले, बाहेरून माती आणून भरली आणि लावली, त्याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. गडग्याच्या कडेने काजू, करवंदीच्या जाळ्या आणि अकरा रायवळ झाडं आहेत. दक्षिणेला शेजाऱ्याची बाग, मध्ये फक्त गडगा.

बाग काका-पुतणे मिळून बघतात. पैसा आणि निर्णय काकांकडे, पंप आणि माणसं पुतण्याकडे. ओळख पटेल असे तपशील इथे काढून टाकले आहेत. आकडे याच एका बागेचे आहेत, ते दुसऱ्या बागेला जसेच्या तसे लावू नयेत.

या प्रकरणातली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे पुतण्याची वही. प्रत्येक फवारणीची तारीख, बाटलीवरचं नाव, पिंपं किती, वारा कसा होता, सगळं त्यात आहे. आधीच्या तीन हंगामांत कीटकनाशकाच्या फवारण्या अनुक्रमे ७, ९ आणि १२ झाल्या होत्या. शेवटच्या हंगामातल्या १२ फवारण्यांत नऊ वेगवेगळ्या नावांच्या बाटल्या होत्या, त्यामुळे 'औषध बदलून बदलून मारतोय' असं दोघांनाही मनापासून वाटत होतं. बाटल्यांवरचे घटक वाचून काढले तेव्हा चित्र वेगळं दिसलं: चार फवारण्या पायरेथ्रॉइडच्या, चार निओनिकोटिनॉइडच्या, तीन स्पिनोसिनच्या आणि एक बुप्रोफेझीनची, तीही तुडतुड्यांसाठी. म्हणजे फुलकिड्यांच्या अंगावर नऊ औषधं नव्हे, तीनच घराणी फिरत होती. कीटकनाशकांच्या जागतिक वर्गवारीत या घराण्यांना क्रमांक आहेत: पायरेथ्रॉइड ३ए, निओनिकोटिनॉइड ४ए, स्पिनोसिन ५. नाव कितीही बदललं तरी क्रमांक तोच असेल, तर किडीच्या दृष्टीने औषध तेच.

फुलकिडा जेमतेम एक मिलिमीटरचा. मादी कोवळ्या पालवीच्या किंवा मोहोराच्या पेशीजालात अंडं खुपसते. पिल्लांच्या दोन अवस्था पान खरवडून रस पितात, मग बरीचशी पिल्लं खाली पालापाचोळ्यात, मातीत उतरून कोषात जातात आणि तिथून प्रौढ होऊन वर येतात. कोकणातल्या हवेत हे चक्र दोन-तीन आठवड्यांत पुरं होतं. कोणत्याही दिवशी फवारलं तरी अंडी पानाच्या आत आणि कोष जमिनीत सुरक्षित असतात. त्या दिवशी औषध लागतं ते उघड्यावर असलेल्यांनाच.

अडचण

त्या वर्षी पाऊस लांबला आणि नोव्हेंबरअखेर पुन्हा पालवी फुटली. ती तांबूस पानं आठवडाभरात कडेने वर वळली, खालच्या बाजूला शिरेलगत तपकिरी झाली. सड्यावरच्या कलमांना आलेला लवकरचा मोहोर करपल्यासारखा काळपटला. २ डिसेंबरला स्पिनोसॅड ४५ एससी मारलं, म्हणजे स्पिनोसिन घराण्यातलंच, १० लिटरला २.५ मिली, म्हणजे २०० लिटरच्या पिंपाला ५० मिली. कृषी विद्यापीठाच्या फवारणी वेळापत्रकातलं प्रमाण हेच. फवारणीच्या आदल्या दिवशी दहा शेंडे पांढऱ्या कागदावर झटकून ११८ फुलकिडे मोजले होते. तीन दिवसांनी तसेच दहा शेंडे झटकले, तर ७१.

"काका, औषध कमी पडतंय. पिंपाला पन्नासच्या जागी शंभर घालूया," असं पुतण्याचं म्हणणं. काकांचं म्हणणं वेगळं होतं: "किडीला सवय झालीय. दुसरं जालीम काहीतरी आण."

'सवय' हा शब्द बागायतदारांत सर्रास चालतो आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. सवय माणसाला लागते, एकाच जिवाला, त्याच्याच आयुष्यात. फुलकिड्यांत तसं काही घडत नाही. लाखो किड्यांत काहींच्या जनुकात आधीपासूनच किरकोळ फरक असतात. एखाद्या फरकामुळे औषधाचा रेणू जिथे जाऊन बसायचा तिथे तो नीट बसत नाही. फवारणी होते, बाकीचे मरतात, तो एक वाचतो आणि पुढची पिढी त्याची होते. किडा बदलत नाही, किड्यांच्या गर्दीत कोण जास्त आहे ते बदलतं. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात, आणि इथे निवड करणारा हात पंपाचा असतो. ही गोष्ट नवी नाही. १९१४ साली अमेरिकेत कीटकशास्त्रज्ञ मेलँडर यांनी फळझाडांवरच्या सॅन होजे खवले किडीबद्दल हेच लिहून ठेवलं: चुना-गंधकाच्या फवाऱ्याला काही ठिकाणची कीड दाद देत नाही.

फुलकिड्यांत ही निवड विशेष वेगाने होते, आणि त्याचं कारण त्यांच्या जन्मातच आहे. फलित अंड्यातून मादी होते, तिच्याकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती. फलित न झालेल्या अंड्यातून नर होतो, त्याच्याकडे एकच प्रत. समजा प्रतिकाराचं जनुक हजारात एक आहे आणि ते अप्रभावी आहे, म्हणजे दोन्ही प्रती तशाच असल्या तरच मादी वाचते. अशी मादी दहा लाखांत एक. नराकडे मात्र झाकायला दुसरी प्रतच नसते, त्यामुळे हजारात एक नर पहिल्याच फवारणीला वाचतो. पुढे, औषध साध्या नरांतले ९५ टक्के आणि प्रतिकारक नरांतले २० टक्के मारतं असं धरलं, तर प्रत्येक फवारणीत प्रतिकारकांचं साध्यांशी गुणोत्तर १६ पटीने चढतं. हजारात एक असलेले प्रतिकारक नर एका फवारणीनंतर दीड टक्क्यावर, दुसरीनंतर वीस टक्क्यांवर आणि तिसरीनंतर ऐंशीच्या घरात जातात. प्रत्यक्षात वेग कमी पडतो, कारण अंडी आणि कोष वाचतात, मादीत जनुक झाकलं जातं आणि बाहेरून साधे किडे उडत येतात. पण एका हंगामात तीनदा स्पिनोसिन मारणं म्हणजे काय, हे कळायला एवढा हिशेब पुरे.

पुढ्यातले पर्याय

डिसेंबरचा पहिला आठवडा होता, मोहोर समोर होता आणि प्रत्येक दिवस मोलाचा होता. पाच वाटा होत्या.

मात्रा दुप्पट करणं सगळ्यात सोपं होतं. त्याविरुद्ध एक ठोस मुद्दा होता: प्रतिकार रेणूच्या बसायच्या जागेतल्या बदलामुळे असेल, तर मात्रा दुप्पट केल्याने मरणाऱ्यांचं प्रमाण थोडंसंच वाढतं. कोळी, ढालकिडे, क्रायसोपाच्या अळ्या हे किडी खाणारे मित्र मात्र जास्त मरतात आणि फळात अंश राहण्याचा धोका वाढतो.

दुसरी वाट, तीन औषधं एका पिंपात. तीन औषधांची जुळणी बिघडली तर मोहोर करपतो. शिवाय तिन्ही घराणी आधीच वापरून झाली असतील, तर एकाच वेळी तिघांना तोंड देणारे किडे निवडले जातात.

तिसरी, दुकानदाराने सुचवलेलं नवं, महागडं औषध. बाटली पाहिली तर घटक स्पिनेटोरम निघाला. तोही गट ५ मधलाच. हा पर्याय जागच्या जागी बाद झाला. बागायतदाराने दुकानात विचारायचा पहिला प्रश्न किमतीचा नसून गटाच्या क्रमांकाचा असावा.

चौथी, काहीच न करता मोहोर दैवावर सोडणं. काकांना ते मान्य होणं शक्यच नव्हतं.

पाचवी, आठ दिवस हात आखडता घेऊन चाचणी करणं. त्या काळात रोगट पालवी छाटायची, खड्ड्यांतला पाला गोळा करायचा आणि निंबोळीयुक्त औषधावर वेळ काढायचा. काका अनिच्छेनेच तयार झाले, तेही एका शंकेमुळे: औषध निकामी झालंय, की ते किड्यापर्यंत पोचतच नाहीये? खालच्या बागेतली झाडं चाळीस फुटांच्या वर गेलेली, गनचा फवारा शेंड्याला धुक्यासारखा पोचायचा आणि पानाच्या खालच्या बाजूला जवळजवळ नाहीच. डब्यातली चाचणी हे दोन प्रश्न वेगळे करते. डब्यात पान पूर्ण बुडवलेलं असतं, तरीही किडा जगला तर दोष पंपाचा नाही.

चाचणी

साहित्य साधं होतं: २५० मिलीचे प्लास्टिकचे डबे, झाकणाला रुपयाएवढं भोक पाडून त्यावर घट्ट विणीचं कापड चिकटवलेलं, टिपकागद, बारीक कुंचला, भिंग. साधी मच्छरदाणीची जाळी चालत नाही, फुलकिडे तिच्यातून सरळ बाहेर पडतात. पकडायला तोंडाने हवा ओढायची नळी वापरायची नाही, कारण बाग फवारलेली आहे. कुंचल्याची ओली टोकं पुरतात.

न फवारलेल्या झाडाची कोवळी पानं द्रावणात दहा सेकंद बुडवून सावलीत वाळवायची, टिपकागदावर ठेवायची आणि डब्यात २० फुलकिडे सोडायचे. प्रत्येक मात्रेचे चार डबे, म्हणजे ८० किडे, आणि नुसत्या पाण्याचे चार. ४८ तासांनी मोजणी. कुंचल्याने डिवचल्यावर जागचा न हलणारा किडा मेलेला धरायचा. पाण्याच्या डब्यांत वीस टक्क्यांहून जास्त मेले तर चाचणी रद्द.

पहिली चाचणी रद्दच झाली. पानं पुरती वाळली नव्हती, रात्री झाकणाच्या आतून दव धरलं आणि पाण्याच्या डब्यांतलेही तिसऱ्या हिश्शाच्या आसपास किडे थेंबांत बुडून मेले. दुसऱ्या खेपेला टिपकागद दुहेरी घातला आणि डबे पडवीतून आतल्या खोलीत नेले.

दुसऱ्या चाचणीत शिफारशीच्या मात्रेला ८० पैकी ४३ मेले, पाण्यात ६. आपोआप मेलेले वजा करायचं अ‍ॅबट यांचं सूत्र असं: औषधातली मरण-टक्केवारी वजा पाण्यातली टक्केवारी, भागिले शंभर वजा पाण्यातली टक्केवारी, गुणिले शंभर. ५३.७५ वजा ७.५ म्हणजे ४६.२५. त्याला ९२.५ ने भागलं, उत्तर ५० टक्के.

निम्मे मेले, निम्मे जगले. सगळ्यांनी त्याचा अर्थ 'अर्धवट प्रतिकार' असा लावला आणि मात्रा दीडपट करायचा विचार पुन्हा पुढे आला. हा या प्रकरणातला सगळ्यात नाजूक क्षण, कारण आकडा बरोबर होता आणि अर्थ चूक.

एक की दोन

चूक भिंगाखाली सापडली. मेलेले आणि जगलेले वेगवेगळ्या पांढऱ्या बशांत ठेवले होते. जगलेल्यांची बशी फिकट पिवळी दिसत होती: बारीक किडे, पोटावर आडव्या गडद रेघा. मेलेल्यांच्या बशीत तेही होते, पण त्यांच्यात थोराड, पुढचा भाग नारिंगी-तपकिरी आणि पोट काळपट असे किडेही पुष्कळ. नमुना गोळा करताना पालवीचे शेंडे आणि उमललेला मोहोर एकाच पिशवीत झटकला होता. प्रजातीच दोन होत्या.

दोन्ही प्रकारचे तीस-तीस किडे ९५ टक्के अल्कोहोलमध्ये घालून ओळख पटवायला पाठवले. काचपट्टीवरच्या तपासणीत पालवीवरचा निघाला स्किर्टोथ्रिप्स डॉर्सालिस, मिरचीवरचा म्हणून सगळ्यांना ठाऊक असलेला. मोहोरातला थ्रिप्स हवाइएन्सिस. बोलीत दोघंही 'फुलकिडे' किंवा नुसते 'थ्रिप्स', पण वंशावळीत ते दोन निराळ्या फांद्यांवर बसतात आणि त्यांच्यात संकर होत नाही. एकाकडचं प्रतिकाराचं जनुक दुसऱ्याकडे जाऊ शकत नाही. त्यांची सरासरी काढणं म्हणजे कोंबडी आणि बदकाची सरासरी काढण्यासारखं.

चाचणी तिसऱ्यांदा केली, या वेळी वेगवेगळी. सोबत तिसरा नमुना घेतला: दोन किलोमीटरवरच्या देवळाच्या आवारातल्या रायवळ आंब्याच्या पालवीवरचा, जिथे कधीच फवारणी झालेली नाही. हा नमुना नसता तर कशाचाच दावा करता आला नसता. बागेतला किडा कमी मरतो म्हणजे कोणापेक्षा कमी, हे सांगायला न फवारलेला भाऊबंद लागतो. पाण्याच्या डब्यांत तिन्ही नमुन्यांचे ८० पैकी ५-५ मेले.

शिफारशीच्या मात्रेला मोहोरातले ८० पैकी ७५ मेले, दुरुस्त आकडा ९३ टक्के. देवळाजवळचे पालवीवरचे ७२, म्हणजे ८९ टक्के. बागेतले पालवीवरचे २५, म्हणजे २७ टक्के. बागेतल्या याच किड्यांना दुप्पट मात्रेत ३३ मेले, ३७ टक्के. पुतण्याने पिंपाला शंभर मिली घातलं असतं तर दर शंभर किड्यांमागे दहा जास्त मेले असते, आणि उरलेले त्रेसष्ट पुढच्या पिढीचे आईबाप झाले असते.

आणखी एक गाठ सोडवायची होती. स्किर्टोथ्रिप्स डॉर्सालिसचं वर्णन कीटकशास्त्रज्ञ हूड यांनी १९१९ साली केलं आणि पुढे जवळजवळ शतकभर ती एकच प्रजाती मानली गेली. २०१५ साली जगभरच्या नमुन्यांच्या जनुकीय अभ्यासातून कळलं की या एका नावाखाली दिसायला सारख्या पण वंशाने वेगळ्या अशा किमान नऊ प्रजाती दडल्या आहेत. देवळाजवळचे आणि बागेतले किडे यातल्या दोन निराळ्या प्रजातींचे असते, तर ८९ आणि २७ मधला फरक कदाचित फवारणीने आलेलाच नसता, दोन प्रजातींचा मूळचाच फरक असता. म्हणून दोन्हीकडचे पाच-पाच किडे प्रजाती ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाच्या साडेसहाशे अक्षरांच्या तुकड्यावर तपासून घेतले. दहाही एकाच गटात बसले. प्रजाती तीच होती, फरक निवडीचा.

काकांनी इथे एक चांगला प्रश्न विचारला: मग आमच्या बागेत नवी प्रजाती तयार होतेय का? नाही. औषधाला न मरणारा किडा देवळाजवळच्या किड्याशी जोडी लावू शकतो आणि त्यांना माद्या होतात, तोवर जनुकांची ये-जा चालू आहे आणि प्रजाती एकच आहे. दोन गट वेगळे होतात ते ही ये-जा बंद पडते तेव्हा: अंतराने, यजमान झाडाने, जोडी लावायच्या वेळेने. एकदा बंद झाली की दोन्हीकडे वेगवेगळे बदल साचतात आणि पुढे समोरासमोर आले तरी जुळत नाहीत. फुलकिड्यांत हे पारखताना एक फसगत होते. जोडी निष्फळ ठरली तरी मादी अंडी घालतेच, कारण अफलित अंड्यातून नर होतात. डबाभर पिल्लं दिसली म्हणून संकर जमला असं नाही. पिल्लांत माद्या आहेत का ते बघायचं, बाप लागतो तो त्यांनाच.

केलेल्या गोष्टी

त्या हंगामात पालवीवर स्पिनोसिन पूर्ण बंद केलं. पायरेथ्रॉइडही बंद केलं, आणि ती चूक ठरली, तिच्याविषयी पुढे. निओनिकोटिनॉइड घराण्यातल्या थायामेथॉक्झामची डब्यातली चाचणी पालवीवरच्या किड्यांवर घेतली: ८० पैकी ५८ मेले, दुरुस्त आकडा ७१ टक्के. हे घराणंही घसरणीला लागलेलं, पण हंगामात एकदाच वापरण्याजोगं. २ डिसेंबरची फवारणी हंगामातली पाचवी होती, त्यानंतर फक्त तीन झाल्या.

पुढच्या वर्षाची आखणी फुलकिड्यांच्या पिढीवर बेतली. साधारण वीस दिवसांचा एक टप्पा धरला. एका टप्प्यात एकच गट, आणि लगतच्या टप्प्यात तो गट पुन्हा नाही. पालवीच्या काळात शेंडे झटकून मोजणी आणि लागलंच तर निंबोळी. बोंगे फुटताना थायामेथॉक्झाम एकदा. फुलं उमललेली असताना काहीच नाही, कारण हापूसला परपरागीकरण लागतं आणि ते काम माश्या, मधमाश्या करतात. मोहरीएवढी कणी दिसली की स्पिनोसॅड, पूर्ण हंगामात एकदाच. सुपारीएवढं फळ झाल्यावर गरज पडली तर वरच्या तिन्ही गटांबाहेरचं, आंब्यासाठी शिफारस असलेलं औषध.

वहीत एक रकाना वाढवला: गटाचा क्रमांक.

खालच्या बागेत पावसाळ्याआधी झाडांचे मध्य उघडले, उभ्या वाढलेल्या दोन-दोन फांद्या काढल्या. कारण फक्त फवारा पोचवण्याचं नाही. शेंड्याला अर्धवट औषध पोचतं तेव्हा एकच प्रतिकारक प्रत असलेल्या माद्याही तगतात, ज्या पूर्ण मात्रेत मेल्या असत्या. अपुरी फवारणी प्रतिकाराला पायरी देते.

सगळ्यात जास्त वाद झाला राखीव ओळीवरून. रायवळांच्या बाजूची १८ कलमांची ओळ कणी धरेपर्यंत फुलकिड्यांसाठी फवारायची नाही, असा प्रस्ताव होता. "म्हणजे कीड पाळायची?" काकांचा सवाल रास्तच होता. हेतू असा की त्या ओळीत आणि रायवळांवर औषधाला मरणारे किडे टिकून राहावेत, उडून बागेत यावेत, प्रतिकारकांशी त्यांच्या जोड्या लागाव्यात आणि जनुक पातळ व्हावं. बीटी कापसातल्या बोंडअळीसाठी हीच कल्पना वापरतात. फवारणीच्या औषधांत ती तितकी चोख चालत नाही, कारण फवारलेल्या भागातही बरेच साधे किडे निसटून वाचतात. तरी जिथे स्वस्थ रायवळ झाडं आहेतच, तिथे त्यांना हात न लावणं हा फुकटातला फायदा आहे. ओळीबद्दल मात्र काका एका वर्षापुरते राजी झाले.

परिणाम

पहिल्या हंगामात काढणीच्या वेळी पाहिलेल्या २०० फळांत ५८ फळांची साल खरवडल्यासारखी होती. दुसऱ्या हंगामात मुख्य बागेतल्या २०० मध्ये २६. राखीव ओळीत ७१. ती ओळ महाग पडली, हे लपवण्यात अर्थ नाही. उत्पन्नाचा आकडा मुद्दाम दिलेला नाही. हापूस एक वर्षाआड धरतो, त्या वर्षी पाऊसही वेळेत थांबला होता, त्यामुळे पेट्या वाढल्या त्याचं श्रेय आखणीला देणं खोटं ठरेल. हवेचा हात खरवडलेल्या फळांच्या आकड्यातही आहेच.

दुसऱ्या डिसेंबरात स्पिनोसॅडची चाचणी पुन्हा घेतली. नमुना राखीव ओळीतून न घेता सड्याच्या मधोमध असलेल्या कलमांवरून घेतला, नाहीतर आकडा आपोआपच गोड आला असता. ८० पैकी ३९ मेले, पाण्यात ४. दुरुस्त आकडा ४६ टक्के. २७ वरून ४६. औषधाचा दाब कमी झाल्यावर प्रतिकारक किडे साध्यांपेक्षा थोडे मागे पडले असतील, किंवा बाहेरून आलेल्या साध्या किड्यांनी प्रमाण पातळ केलं असेल. दोन्ही वाटा आकड्यात सारख्याच दिसतात. ४६ म्हणजे औषध परत हाती आलं असं नव्हे. तीन फवारण्या पुन्हा केल्या तर एका हंगामात ते २७ च्या खाली जाऊ शकतं.

फवारण्या १२ वरून ६ वर आल्या: निंबोळी दोन, थायामेथॉक्झाम एक, स्पिनोसॅड एक, तिन्ही गटांबाहेरची एक. सहावी आखणीबाहेरची. जानेवारीत खालच्या बागेत तुडतुड्यांनी उचल खाल्ली. पानांवर खार, म्हणजे तुडतुड्यांचा चिकट स्राव, पडली, तिच्यावर काळी बुरशी चढली आणि काही झाडांचा मोहोर गळाला. पालवीच्या वेळचं पायरेथ्रॉइड फुलकिड्यांसाठी निकामी असलं तरी तुडतुड्यांना ते आवरून धरत होतं, आणि ते सरसकट काढताना तुडतुड्यांची वेगळी मोजणी ठेवली नव्हती. बुप्रोफेझीनची एक फवारणी करावी लागली.

स्पिनोसॅड निकामी करणारा एक जनुकीय बदल परदेशातल्या दोन फुलकिड्यांत नीट तपासला गेला आहे: चेतापेशीवर हे औषध जिथे बसतं त्या चेताग्राहीतल्या एका प्रथिनात २७५व्या जागी ग्लायसीनऐवजी ग्लुटामिक आम्ल. या बागेतल्या किड्यांचं ते जनुक तपासलं नाही. काय फवारायचं हा निर्णय डब्यातल्या आकड्यावरच होणार होता.

वेगळं काय करता आलं असतं

पालवी आणि मोहोर पहिल्या दिवसापासून वेगळ्या पिशव्यांत झटकले असते, तर नऊ दिवस वाचले असते. डिसेंबरातले नऊ दिवस म्हणजे फुलकिड्यांची जवळजवळ अर्धी पिढी.

२ डिसेंबरच्या फवारणीआधीचे किडे जपून ठेवायला हवे होते. औषधाआधीच्या आणि नंतरच्या किड्यांत कोणती प्रजाती किती, हे त्यावरून कळलं असतं. ११८ वरून ७१ हा आकडा नुसती गर्दी सांगतो.

चाचणी संकटाच्या वेळी न घेता ऑक्टोबरात, पहिल्या पालवीला घ्यायला हवी. डबे, पानं, दोन दिवस आणि एक भिंग, एवढाच खर्च आहे. गावात एकाने केली तरी आसपासच्या बागांना उपयोग होतो.

राखीव ओळीसाठी हापूसच्या १८ कलमांऐवजी अकरा रायवळ आणि गडग्यावरचा काजू आधी वापरायला हवा होता. राखीव ओळीतल्या फळांचा फटका टळला असता. काजूवर पालवीवरचाच किडा आहे का, हे मात्र आधी झटकून पाहायला हवं.

आणि गडग्यापलीकडची बाग. फुलकिडा वाऱ्यावर जातो, त्याला सातबारा कळत नाही. शेजाऱ्याच्या वहीत गेल्या हंगामाच्या नोंदी पाहिल्या तर गट ५ च्या चार फवारण्या दिसल्या. तिकडून येणारे किडे बागेतला प्रतिकार पातळ करणार की घट्ट करणार, हे येत्या ऑक्टोबरात कळेल. दोन्ही बागांचे शेंडे एकाच दिवशी, वेगवेगळ्या पिशव्यांत झटकायचे ठरले आहे, आणि पुतण्याने त्यासाठी आणखी सोळा झाकणांना कापड चिकटवून ठेवलं आहे.